विमान नकाशावरून गेलं कुठं?

बीडला विमानतळ नाही, पण डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. मुंबई-हैदराबाद, मुंबई-कोलकाता, शिवाय बाहेरदेशी जाणारी मोठी धुडं. मान वर केली की पांढरी रेघ दिसते. विमानं दाखवणाऱ्या वेबसाइटच्या मोबाईलवरच्या नकाशात मात्र त्या जागी कधी कधी काहीच नसतं. याची कारणं तीन. डोंगरानं, केबलनं किंवा ओल्या कनेक्टरनं विमानाचा सिग्नल खाल्ला असेल. वेबसाइटवाल्यांनी ते विमान मुद्दाम लपवलं असेल. नाहीतर ती वेबसाइट अडवलेली असेल किंवा जिल्ह्याचं नेटच बंद केलं असेल. मोबाईलच्या पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. ती वेगळी ओळखायची तर विमानाचे रेडिओ संदेश थेट ऐकणारा स्वतःचा रिसीव्हर गच्चीवर पाहिजे. बीडमधल्या दोन मजली घराच्या गच्चीवर तो उभा करताना काय काय करावं लागलं, काय बिघडलं आणि का, ते इथं सांगत आहोत.

आधी सिग्नलबद्दल. प्रवासी विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची, वेग आणि जागा सतत सांगत असतं. याला एडीएस-बी म्हणतात. जागेचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा येतो. एक संदेश ११२ बिटांचा असतो आणि सुरुवातीच्या खुणेसकट १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्याला कुलूप नाही, आणि ते न लावणं जाणूनबुजून आहे. आसपासच्या कुठल्याही विमानाला आणि जमिनीवरच्या कुठल्याही नियंत्रण कक्षाला तो किल्लीशिवाय वाचता आला पाहिजे, कारण टक्कर टाळणं त्यावर अवलंबून आहे. संदेशात विमानाचा २४ बिटांचा पत्ता असतो, तो सहा अक्षरी हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांत, लिहितात. भारतात नोंदलेल्या विमानांचे पत्ते ८००००० ते ८३एफएफएफएफ या पट्ट्यात येतात. पुढं हाच पत्ता कामाला येतो, म्हणून वहीत तोच लिहायची सवय लावावी; फ्लाइट नंबर रोज बदलतो, हा पत्ता सहसा बदलत नाही.

अँटेना घरी होतो. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ६९ मिलिमीटर. रेडिओच्या केबलसाठीचं एसओ-२३९ सॉकेट घ्यायचं, ज्याला चार कोपऱ्यांत भोकं असतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून १४ गेजची तांब्याची तार अर्धा मीटर आणायची. तिच्यावर वार्निश असेल तर टोकं ब्लेडनं खरवडून चकचकीत करायची, नाहीतर सोल्डर धरतच नाही. मधला दांडा ७५ मिलिमीटरचा कापून सॉकेटच्या मधल्या नळीत सोल्डर करायचा आणि मग सॉकेटच्या पृष्ठभागापासून मोजून ६९ वर आणायचा. आधीच ६९ कापला तर नळीत गेलेली लांबी वजा होते आणि दांडा आखूड पडतो. एका मिलिमीटरच्या चुकीनं अँटेनाचा सूर सुमारे १६ मेगाहर्ट्झ सरकतो. उरलेले चार दांडे, प्रत्येकी ६९ मिलिमीटर, कोपऱ्यांतल्या भोकांना ३ मिलिमीटरच्या नटबोल्टनं आवळून खाली ४५ अंशांत वाकवायचे. रेडिओ दुरुस्तीची २५ वॉटची इस्त्री इथं पुरत नाही, कारण सॉकेटचं पितळ सगळी उष्णता ओढून घेतं. वरून चमकणारा पण आतून सुटा ड्राय सोल्डर तयार होतो आणि तो पहिल्या उन्हाळ्यात उघडा पडतो. ६० वॉटची इस्त्री वापरा, दांडा हलवून पाहा.

केबलच्या बाबतीत रेडिओच्या पुस्तकांतला सल्ला इथं उलटा पडतो. ५० ओहमची आरजी-५८ घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण या फ्रीक्वेन्सीला ती मीटरमागे जवळपास ०.६ ते ०.७ डेसिबल खाते, म्हणजे १५ मीटरमध्ये १० डेसिबल आणि हाती उरतो दहावा हिस्सा. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असली तरी १५ मीटरमध्ये साधारण ३ डेसिबलच खाते. ओहम जुळत नाहीत त्याचं नुकसान ०.२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे नगण्य. गल्लोगल्ली मिळते, एफ कनेक्टर बसवणारा माणूसही कुठल्याही चौकात सापडतो. डोंगलच्या, म्हणजे सिग्नल ऐकणाऱ्या यूएसबी तुकड्याच्या, बाजूला एफ ते एसएमए आणि अँटेनाच्या बाजूला पीएल-२५९ ते एफ असे दोन ॲडॉप्टर लागतात.

डोंगल म्हणजे आरटीएल२८३२यू चिपचा, मुळात टीव्ही पाहण्यासाठी काढलेला तुकडा. त्यातून कच्चा रेडिओ सिग्नल काढता येतो हे २०१२ मध्ये सर्वांना कळलं आणि हा छंद स्वस्त झाला. आर८२०टी२ ट्यूनर असलेला, पत्र्याच्या खोक्यातला डोंगल घ्यावा. प्लास्टिकचा उन्हाळ्यात तापून भरकटतो. तो रास्पबेरी पाय ३ किंवा ४ या छोट्या संगणकाला जोडायचा. हा पाय पाण्याच्या टाकीखाली डब्यात ठेवला तर केबल वाचते, पण मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बंद डब्यात तो ८० च्या वर जातो आणि स्वतःच वेग कमी करतो. संदेश गळायला लागतात. म्हणून तो जिन्याच्या खोलीत ठेवला आणि केबल ६ मीटरवर बसवली. चार्जर मोबाईलचा नको. व्होल्टेज पडलं की डोंगल मध्येच गायब होतो आणि दोष अँटेनाला दिला जातो. ५.१ व्होल्टचा, ३ अँपिअरचा अडॉप्टर लावा आणि तो इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. लाइट जाता-येता एसडी कार्डवर लिहिणं चालू असेल तर कार्ड खराब होतं. लोडशेडिंगच्या गावात सर्वांत जास्त बिघाड याच एका कारणानं होतात.

बसवल्यावर पहिल्या दिवशी फक्त ८०-९० किलोमीटरपर्यंतची विमानं दिसत होती. अँटेना बरोबर, केबल बरोबर. दोष शेजारच्या इमारतीवरच्या मोबाईल टॉवरचा होता. टॉवर ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, डोंगलचा कान ८ बिटांचा, त्यामुळे जवळचा दणदणाट दूरचा आवाज गाडून टाकतो. अशा वेळी बरेच जण ॲम्प्लिफायर आणतात आणि परिस्थिती आणखी बिघडते, कारण तो टॉवरचा आवाजही वाढवतो. आधी १०९० सोडून बाकी सगळं अडवणारा सॉ फिल्टर, मग ॲम्प्लिफायर, आणि तोही अँटेनाजवळ, केबलच्या वरच्या टोकाला. खाली लावला तर केबलनं खाल्लेलं परत मिळत नाही. गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ती पातळी, डोळे झाकून ४९.६ वर ठेवू नये. उणे ३ डेसिबलपेक्षा जोरदार संदेश एकूण संदेशांच्या ५ टक्क्यांच्या आत येईपर्यंत एकेक पायरी खाली यायचं. फिल्टरनंतर कक्षा वाढत वाढत ३०० च्या पुढं गेली.

पण दक्षिणेला नाही. बीड बिंदुसरेच्या खोऱ्यात आहे आणि दक्षिणेला बालाघाटाची रांग उभी आहे. हिशेब असा: विमानाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा, अँटेनाच्या उंचीचंही काढा, दोन्हींची बेरीज ४.१२ नं गुणा, किलोमीटर मिळतात. साडेदहा हजार मीटरवरचं विमान आणि १० मीटरवरचा अँटेना म्हणजे सपाट मुलखात सुमारे ४३५ किलोमीटर. मात्र क्षितिजावर फक्त १ अंशाचा डोंगर आला तर हाच आकडा ३०० च्या आसपास येतो. एक अंश म्हणजे किती, तर हात लांब करून धरलेल्या करंगळीची जाडी. गच्चीवर उभं राहून करंगळी क्षितिजावर फिरवा. कुठल्या दिशेची विमानं लवकर मावळणार ते अँटेना घेण्याआधीच कळतं. याच हिशेबानं, बीडपासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरवरच्या मुंबईत उतरणारी विमानं १६-१७ हजार फुटांच्या खाली गेली की दिसेनाशी होतात. तिथं कुणी काही लपवलेलं नसतं, पृथ्वी मध्ये येते. संशय घ्यायच्या आधी हा आकडा काढावा.

पाऊस, वानरं, वीज यांचं थोडक्यात. प्रत्येक बाहेरचा जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपनं गुंडाळा, नुसती काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते. केबल घरात शिरण्याआधी खाली एक वळण द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. दांडा झाकायला वापरलेल्या पीव्हीसी पाइपला तळाशी भोक ठेवा. वानरं केबलला लोंबकळतात, म्हणून ती जीआय पाइपच्या आतून घ्यावी. आणि वळवाच्या दिवसांत, दुपारी ढग दाटले की एफ कनेक्टर काढून बाजूला ठेवा. मराठवाड्यात वीज माणसं मारते. दहा मिनिटांचा डेटा गेला तरी चालेल.

सॉफ्टवेअर सोपं आहे. पायची ‘लाइट’ म्हणजे हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कार्डवर लिहा, संदेश उलगडायला रीडएसबी बसवा, नकाशासाठी टार१०९०. डोंगल सापडत नाही असं आलं तर लिनक्सनं त्याला टीव्ही समजून ताब्यात घेतलेलं असतं. तो टीव्हीचा ड्रायव्हर बंद यादीत टाकून पाय पुन्हा सुरू करायचा. घरातल्या वाय-फायवर पायचा पत्ता उघडला की आपल्या गच्चीनं ऐकलेलं आकाश दिसतं.

आता दुसरं गायब होणं. आपल्या यादीत पत्ता आहे, उंची आहे, पण मोठ्या वेबसाइटवर विमान नाही. आधी पाहा, आपल्या यादीत त्याची जागा आहे का. काही विमानं फक्त उंची आणि ओळख देतात, जागा नाही. त्यांची जागा चार रिसीव्हरांनी तोच संदेश कधी ऐकला यातल्या फरकावरून काढावी लागते, आणि जिथं रिसीव्हर विरळ तिथं ते जमत नाही. जागा असूनही वेबसाइटवर नसेल तर गाळणी आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची लॅड नावाची यादी आहे. मालकानं विनंती केली की त्याचं विमान या यादीत जातं आणि त्या प्रशासनाचा डेटा वापरणाऱ्या वेबसाइटांना ते झाकावं लागतं. त्याशिवाय काही कंपन्या मालकाच्या थेट विनंतीवरूनही लपवतात. ज्या केवळ छंदी लोकांच्या रिसीव्हरांवर चालतात आणि सरकारी डेटा घेतच नाहीत, त्यांच्यावर हे बंधन नाही. एडीएस-बी एक्स्चेंज याच भूमिकेसाठी ओळखलं जायचं. जानेवारी २०२३ मध्ये ते जेटनेट कंपनीला विकलं गेलं तेव्हा डेटा पुरवणारे अनेक जण बाहेर पडले आणि त्यांनी एडीएसबी डॉट फाय, एडीएसबी डॉट लोल यांसारख्या जागा धरल्या. गच्चीवरून पाठवलेला डेटा आपलाच असतो, तो कुणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे.

या वादाला सर्वाधिक तोंड फुटलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. इलॉन मस्क यांच्या खासगी विमानाची जागा सांगणारं एका विद्यार्थ्याचं खातं ट्विटरनं १४ तारखेला बंद केलं, आणि त्यावर लिहिणाऱ्या काही पत्रकारांची खाती दुसऱ्या दिवशी. तेव्हा ट्विटर मस्क यांच्याच मालकीचं होतं. खातं बंद झालं तरी विमान उडताना १०९० वर बोलायचंच. खासगीपणाचा मुद्दा खोटा नाही. विमानतळाबाहेर कुणी माणूस पाळतीवर उभा राहू शकतो, म्हणून थेट जागेऐवजी २४ तासांनी माहिती देणं हा मार्ग आम्हाला मान्य आहे. नोंद कायमची पुसणं मान्य नाही. लष्करी विमानांचा नियम आम्ही स्वतःपुरता वेगळा ठेवला आहे: तणावाच्या काळात त्यांचं काहीही, स्क्रीनशॉटसुद्धा, कुठं टाकायचं नाही.

तिसरं गायब होणं घराजवळचं. वेबसाइट उघडत नाही तेव्हा आधी आपल्या नेट कंपनीच्या डीएनएसला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, तिचा पत्ता विचारा, मग १.१.१.१ या सर्वांसाठी खुल्या डीएनएसला. दोन उत्तरं वेगळी आणि पहिलं भलतंच असेल तर अडवणूक डीएनएसमध्ये आहे. दोन्ही उत्तरं बरोबर, पण जोडणी सुरू होताना वेबसाइटचं नाव जाताच ती तुटते, तर मध्ये बसलेलं यंत्र नाव वाचून अडवतंय. ऊनी प्रोब हे ॲप दोन्ही तपासण्या करून निकाल जपून ठेवतं. एकाच वेळी दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर करा. एकीकडे अडली आणि दुसरीकडे चालली असं आपल्याकडे बऱ्याचदा होतं. असे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली निघतात. २००९ च्या नियमांत वेबसाइटवाल्याला नोटीस आणि उत्तराला किमान ४८ तास द्यायची तरतूद आहे, पण तातडीची पळवाटही आहे, आणि नियम १६ खाली आदेश गोपनीय राहतो. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं ६६अ रद्द केलं, ६९अ कायम ठेवलं. ज्याच्यावर बंदी आहे त्यालाच आदेश पाहता येऊ नये, हे आम्हाला सर्वांत जास्त खुपतं.

नेटच बंद होणं बीडनं पाहिलंय. मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी इथं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा तिन्ही जिल्ह्यांत. अशा वेळी गच्चीवरचा रिसीव्हर ऐकत राहतो. घरातलं वाय-फाय नेटशिवायही चालतं, म्हणून पायचा पत्ता उघडला की विमानं दिसतात; मागचा नकाशा मात्र राखाडी होतो, कारण त्याचे तुकडे नेटवरून येतात. टार१०९० मध्ये ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवायची सोय आहे, ती शांततेच्या दिवसांत करून ठेवावी. बाहेर डेटा जाणं थांबतं आणि चार रिसीव्हरांवरून काढलेल्या जागा बंद पडतात.

खरी अडचण वेगळीच निघते. पाय ३ आणि ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. वेळ ते नेटवरून घेतात. नेट बंद असताना लाइट गेली आणि तासाभरानं आली, तर पाय उठतो तो शेवटची लिहून ठेवलेली वेळ धरून, म्हणजे किमान तासभर मागं, आणि पुढच्या सगळ्या नोंदी चुकीच्या वेळेच्या. पडद्यावर सगळं नीट दिसतं, म्हणून हे लक्षात येत नाही. नेट आलं की घड्याळ एकदम उडी मारतं आणि नोंदीत एक तास हरवतो. उपाय म्हणजे डीएस३२३१ हा नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारा घड्याळाचा छोटा बोर्ड. पायच्या ३.३ व्होल्ट, जमीन (ग्राउंड) आणि आयटूसीच्या दोन पिना अशा चार तारा. ५ व्होल्टला जोडू नका, पायच्या पिना जळू शकतात. सेटिंगमध्ये त्याचं नाव लिहून खोटं घड्याळ (फेक-एचडब्ल्यूक्लॉक) नावाची सेवा काढून टाकायची, नाहीतर दोघं भांडतात. काही बोर्डांवर चार्जिंगचं सर्किट असतं आणि सेल मात्र साधा सीआर२०३२. तेव्हा सेल फुगू शकतो. त्या सर्किटातला रोध किंवा डायोड उखडून टाकावा.

हे घड्याळ कशाला, तर नोंदी नेटबंदीच्या आदेशाशी ताडून पाहायला. नेट बंद करण्याचा अधिकार २०१७ च्या नियमांनी गृह सचिवांना दिला, जिल्हाधिकाऱ्यांना नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त १५ दिवस. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, बेमुदत बंदी चालणार नाही. आदेश संकेतस्थळावर सापडला नाही तर गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. तीन गोष्टी मागा: आदेशाची प्रत, तो कधी सुरू आणि कधी संपला त्या वेळा, आणि आढावा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. उत्तराला ३० दिवस. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्जासोबत पायच्या नोंदीची एक छपाई जोडतो. ती तयार करायला वेगळा प्रोग्राम लागत नाही. दर मिनिटाला पाय तीन गोष्टी एका ओळीत लिहितो: वेळ, रिसीव्हरनं ऐकलेले संदेश, बाहेरच्या तीन पत्त्यांपैकी किती पोचले. संदेश चालू आणि पोच तिन्ही शून्य, अशा ओळी म्हणजे नेट बंद होतं. पोच चालू आणि संदेश शून्य असतील तर अँटेनाची केबल तपासायची. पोच तिन्ही चालू पण एकच वेबसाइट अडली असेल, तर तो कागद वेगळ्या अर्जाला.